जुना पार्ट दाखवणारा मिस्त्री

छत्रपती संभाजीनगरची ओळख गेल्या चार दशकांत वाहने घडवणारे शहर अशी झाली आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची वसाहत वाढत गेली. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधील उद्योजक, डॉक्टर व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या एकाच वेळी विकत घेतल्या, तेव्हा त्याची बातमी देशभर गाजली. तरीही दुरुस्तीच्या व्यवहारात या शहरातील गाडीमालक इतर कोणत्याही शहरातील गाडीमालकाइतकाच परावलंबी आहे. वाळूजमध्ये मायक्रॉनच्या हिशेबात काम करणारा कामगारही स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला सोडून आल्यावर ‘पुढचे ब्रेक पॅड संपलेत’ एवढा फोन आला की बहुतेक वेळा ‘बदला’ असेच म्हणतो. त्याला ज्ञान असते, पण तो भाग पाहण्याची संधी मिळालेली नसते. आणि दुरुस्तीच्या धंद्यातील लबाडी ग्राहकाच्या अज्ञानापेक्षाही या न पाहण्यावर अधिक पोसली जाते.

अर्थशास्त्रात या स्थितीचा विचार स्वतंत्रपणे झालेला आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा वस्तू व सेवांचा एक वेगळा वर्ग मांडला, ज्यांची गरज खरोखर होती की नाही हे ग्राहकाला पैसे मोजल्यानंतरही कळत नाही. भाजी शिळी निघाली तर ती घरी आल्यावर समजते, परंतु बदललेला क्लच आणखी वीस हजार किलोमीटर चालला असता की नाही, हे नवा क्लच बसल्यावर कायमचे अज्ञातच राहते. अशा सेवेला विश्वासाधीन सेवा म्हणता येईल, आणि तिच्यातील खरी अडचण ही की दोष कोणता हे सांगणारा आणि तो दोष दूर करण्याचे पैसे घेणारा माणूस एकच असतो.

या अडचणीचा गैरफायदा घेतला जातो, याचे पुरावे बरेच जुने आहेत. १९४१ साली अमेरिकेतील ‘रीडर्स डायजेस्ट’ने आपले प्रतिनिधी देशभरातील गॅरेजांत पाठवले होते आणि त्यांच्या सुस्थितीतील गाडीत मुद्दाम एवढाच बिघाड केला होता की इंजिनाच्या कॉइलची एक वायर निसटवून ठेवली होती. ती पुन्हा जोडणे हे क्षणाचे काम असताना निम्म्याहून अधिक गॅरेजांनी अनावश्यक कामे सांगितली किंवा अवास्तव पैसे घेतले. पुढे १९९२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक विभागाने सीअर्स या मोठ्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रांवर गरज नसलेले भाग विकल्याचा आरोप ठेवला, तेव्हा त्यामागची यंत्रणाही उजेडात आली: केंद्रांतील कर्मचाऱ्यांना विक्रीची उद्दिष्टे ठरवून दिलेली होती आणि सल्लागारांची कमाई विकल्या गेलेल्या कामाशी जोडलेली होती. कंपनीने नंतर सल्लागारांचे कमिशन बंद केले. व्यक्तीच्या प्रामाणिकपणाची चर्चा करताना ही बाब नजरेआड होऊ देऊ नये, कारण एखाद्याचा पगार दुसऱ्याच्या बिलावर ठरू लागला की सरळ माणसाच्याही निदानात हळूहळू खोट शिरते.

भारतातील अधिकृत सर्व्हिस सेंटरची रचना याहून फार निराळी नाही. गाडी ताब्यात घेणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर हा सहसा गाडीखाली शिरणारा मेकॅनिक नसतो. तो जॉब कार्ड, म्हणजे करावयाच्या कामांची नोंद, भरतो, खर्चाचा अंदाज सांगतो आणि अनेक ठिकाणी त्याच्यावर जादा सेवा विकण्याचे मासिक उद्दिष्टही असते. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, गाडीखालचे गंजरोधक कोटिंग अशी नावे याच वाटेने बिलात येतात. यांतील प्रत्येक काम एखाद्या गाडीला खरोखर लागू शकते, परंतु ते दर सर्व्हिसिंगला सरसकट लागते असे मानायला आधार नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या मालक-पुस्तिकेत कोणता भाग किती किलोमीटरला तपासावा व कोणता बदलावा याचा तक्ता दिलेला असतो, आणि जे काम त्या तक्त्यात नाही ते का करावे लागत आहे हे समजावून सांगणे ही सल्ला देणाऱ्याची जबाबदारी ठरते.

शहरातील खासगी गॅरेजांची परंपरा याहून वेगळी आहे. तेथे काम बऱ्याच अंशी उस्ताद आणि शागिर्द या नात्याने शिकले जाते. दहा-बारा वर्षे पाने-पक्कड हाताळून तयार झालेला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून टॅपेटचे अंतर वाढल्याचे सांगतो, आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेली मुलेही त्याच्याच हाताखाली पक्की होतात. येथे ग्राहक आणि काम करणारा समोरासमोर असतात, हा मोठा गुण आहे. दोष येतो तो दुसऱ्या बाजूने, म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानातून मिळणाऱ्या कमिशनमधून आणि ओरिजिनलच्या भावाने बसवलेल्या डुप्लिकेट मालातून.

या गॅरेजांची कोंडी मात्र केवळ त्यांनी स्वतः ओढवून घेतलेली नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने एका ग्राहकाच्या २०११ मधील तक्रारीवरून चौकशी करून २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, तसेच दुरुस्तीच्या पुस्तिका व निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा त्यातील मुख्य ठपका होता. त्या १४ कंपन्यांत शेंद्र्याची स्कोडा होती आणि या शहराने दीडशे गाड्या घेतलेली मर्सिडीज-बेंझही होती. प्रकरण पुढे अपिलांत गेले, तरी आयोगाच्या आदेशातील एक सूत्र प्रत्येक गाडीमालकाने ध्यानात ठेवावे असे आहे: गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली एवढ्याच कारणाने संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट कंपनीने घालू नये, आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता यावी. ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली’ हे वाक्य काउंटरवर ज्या खात्रीने उच्चारले जाते, तेवढी खात्री त्याला या आदेशात सापडत नाही.

विश्वासार्ह निदान कसे असते, हे ब्रेकच्या कामावरून नीट समजते. डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती दोन पॅडच्या मध्ये दाबली जाते आणि घर्षणाने पॅडवरचा थर झिजत जातो. नव्या पॅडवर हा थर साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो आणि तो तीन मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलण्याची वेळ होते; अनेक पॅडना बसवलेली धातूची बारीक पट्टी त्या सुमारास चकतीला घासून किंचाळल्यासारखा आवाज करू लागते. चांगला मिस्त्री चाक उतरवतो, मालकाला जवळ बोलावतो, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पॅडचा थर दाखवतो आणि पाच मिलिमीटर शिल्लक असेल तर ‘आता राहू द्या, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे सांगतो. या एका वाक्याने त्याचे त्या दिवसाचे उत्पन्न कमी होते, आणि म्हणूनच त्याच्या पुढच्या प्रत्येक शब्दाला वजन येते. काम झाल्यावर काढलेला पार्ट मागितल्याशिवाय समोर ठेवणे, ही त्याच वृत्तीची दुसरी खूण होय.

स्कॅनरमुळे हे सारे सोपे झाले असावे असा समज आहे, पण त्याची दुसरी बाजू समजून घ्यायला हवी. गाडीतील संगणक बिघाडाचा एक सांकेतिक क्रमांक नोंदवतो. उदाहरणार्थ, पी०१७१ या क्रमांकाचा अर्थ इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे एवढाच होतो. हे चिरलेल्या रबरी नळीमुळे घडते, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसल्यामुळे घडते किंवा इंधनपंप अशक्त झाल्यामुळेही घडते. क्रमांक दिसताच सेन्सर बदलणाऱ्याने खरे तर निदान केलेलेच नसते, आणि पडद्यावर इंग्रजीत काही उमटले की ग्राहक निमूट मान डोलावतो, त्यामुळे जुन्या पद्धतीत किमान शंका घेतली जात असे, तीही येथे घेतली जात नाही.

जादा काम सांगणारा प्रत्येक जण लबाड असतो, असा निष्कर्षही चुकीचा ठरेल. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, खेड्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर धुळीचे लोट असतात आणि खड्ड्यांत सस्पेन्शनचे बुश व लिंक रॉड लवकर खिळखिळे होतात. त्यामुळे एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीआधी बदलायला सांगणारा मिस्त्री बऱ्याचदा बरोबरच असतो, आणि त्याचे न ऐकणाऱ्याला नंतर अधिक खर्च येतो. म्हणून संशयापेक्षा पडताळा उपयोगी पडतो: मोठे काम निघाले तर दुसऱ्या गॅरेजात केवळ तपासणीचे पैसे देऊन मत घ्यावे, आणि तपासणीचे वेगळे पैसे मागणाऱ्यावर रागावू नये, कारण निदान फुकट मिळते तेथे त्याची किंमत दुरुस्तीच्या बिलातून वसूल होण्याचा धोका असतो.

कायद्याचा आधारही याच पडताळ्यावर उभा राहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करताना पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क भरावे लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही प्राथमिक दाद मागता येते. तथापि तक्रारदाराच्या हाती जॉब कार्ड, लेखी एस्टिमेट, लेबर व पार्टची वेगवेगळी नोंद असलेले बिल आणि काढलेला भाग नसेल, तर आयोगापुढे शब्दाविरुद्ध शब्द एवढेच उरते. रोखीत पाचशे रुपये वाचवण्यासाठी ‘बिल नको’ म्हणणारा ग्राहक आपला पुरावा स्वतःच सोडून देत असतो.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हा प्रश्न नव्या ठिकाणी नेला आहे. अशा गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, फिल्टरही मोजकेच आहेत, त्यामुळे जुन्या धर्तीच्या जादा कामांना वाव कमी. परंतु सर्वांत महाग भाग असलेल्या बॅटरीची प्रकृती सविस्तर सांगणारी माहिती बहुधा कंपनीच्याच उपकरणावर उलगडते, आणि तेथे चाक उतरवून दाखवण्यासारखे काही नसते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल सुरू केले, त्याच्या कक्षेत मोटारीही आहेत, मात्र कंपन्या स्वेच्छेने किती माहिती खुली करतात यावरच आज त्याची मदार आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने या शहरात हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. त्या गाड्या येथून बाहेर पडू लागतील तेव्हा बॅटरीची नोंद वाचण्याचे साधन गावातल्या मिस्त्रीच्या हातीही असावे, अशी मागणी कारखान्याच्या जागेची आणि सवलतींची बोलणी होतात त्याच टेबलावर या शहराने मांडायला हवी.