मारलेला मोहरा कोठे जातो? : बुद्धिबळ आणि शोगी

बुद्धिबळाचे मूळ प्राचीन भारतातील चतुरंगात आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. हा खेळ पश्चिमेकडे जाऊन आजचे बुद्धिबळ झाला. पूर्वेकडे गेलेल्या त्याच्या शाखेतून जपानचा ‘शोगी’ घडला, असे सामान्यतः मानले जाते. प्रतिपक्षाच्या राजावर मात करणे हे दोन्ही खेळांचे ध्येय असले, तरी त्यासाठीची रणनीती भिन्न आहे.

बुद्धिबळाचा पट ६४ घरांचा असून प्रत्येकाकडे १६ मोहरे असतात. शोगीचा पट ८१ घरांचा आणि मोहरे प्रत्येकी २०. तेथे वजीर नाही. हत्ती आणि उंट यांच्या चालीचा एकेकच मोहरा असतो. बाकीचे बहुतेक मोहरे एकेक घर सरकतात. परंतु खरा भेद एका नियमात आहे. बुद्धिबळात मारलेला मोहरा कायमचा पटाबाहेर जातो. शोगीत तो मारणाऱ्याच्या हाती येतो आणि पुढे आपली पाळी आल्यावर, काही मोजके निर्बंध पाळून, रिकाम्या घरात स्वपक्षाकडून उतरवता येतो. म्हणूनच दोन्ही बाजूंचे मोहरे एकाच रंगाचे असतात. प्रतिपक्षाकडे वळलेले टोक हीच मालकीची खूण.

या एका नियमाने सारे डावपेच बदलतात. बुद्धिबळात एखादे प्यादे अधिक असेल, तर मारामारी करून डाव सोपा करावा, असे आपण शिकवतो. शोगीत मारामारीने डाव अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण उभयतांच्या हाती नवे सैन्य येते. बुद्धिबळात अखेरीस पट ओस पडतो आणि राजा स्वतः मैदानात उतरतो. शोगीत ४० मोहरे अखेरपर्यंत खेळात राहतात; म्हणून राजाभोवती तटबंदी रचावी लागते. शेवटच्या झुंजीत मोहऱ्यांच्या मूल्यापेक्षा वेग मोलाचा ठरतो. एक चाल आधी पोहोचणारा जिंकतो. बुद्धिबळात नेहमी आढळणारी बरोबरी तेथे विरळाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात असताना, १९४७ साली, शोगीपटू मासुदा कोझो यांना लष्करी अधिकाऱ्यांनी विचारले की, पकडलेले मोहरे वापरणे म्हणजे युद्धकैद्यांचा छळच नव्हे काय? मासुदांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार त्यांचे उत्तर असे होते : बुद्धिबळात पकडलेल्यांना ठार केले जाते, शोगीत त्यांना त्यांच्याच दर्जाचे काम दिले जाते.

उत्तर मार्मिक होते. तथापि, जपानी सैन्याने युद्धकैद्यांचा छळ केला, हे ऐतिहासिक सत्य त्याने पुसले जात नाही. खेळाचा नियम उदार असला म्हणून तो खेळणारा समाज आपोआप उदार होत नाही. मात्र एकाच पूर्वजापासून निघालेल्या दोन खेळांपैकी एकाने पराभूताला कायमचे बाहेर ठेवले आणि दुसऱ्याने त्याला पुन्हा स्थान दिले. नियम माणसेच घडवतात आणि माणसेच बदलतात, हे विद्यार्थ्यांनी पटावर बसताना ध्यानी घ्यावे.