आंधळ्या उंदराची बाहुली

ग्रंथालयाच्या नोकरीत मला सर्वांत जास्त छळलं ते ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’च्या जाडजूड खंडांनी. टाइप इतका बारीक की भिंग हवंच. कुणाच्या लेखाचा उल्लेख पुढे कुणी केला, ते शोधताना बोट ओळीवरून घसरलं की पुन्हा पहिल्यापासून! एका प्राध्यापकांच्या बढतीच्या अर्जासाठी मी अशा तीन दुपारी घालवल्या. तेव्हा लागलेलं मोजदादीचं वेड निवृत्तीनंतरही उतरलेलं नाही.

पूर्वपीठिका झटपट उरकतो. जुने खटले पुढे कुठे कुठे आधाराला घेतले, याची सूची अमेरिकन वकील १८७३पासून वापरत. तीच युक्ती युजीन गारफिल्ड यांनी १९५५मध्ये विज्ञानासाठी सुचवली आणि १९६४मध्ये इंडेक्स छापला. २००५मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स आणला: वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख असतील, तर आकडा २०. एकाच लेखाला हजार उल्लेख आणि बाकी पाटी कोरी असेल, तर आकडा १! झालं. आता माझ्या लाडक्या उंदरांकडे येतो.

१९२०च्या दशकात हार्वर्डमध्ये क्लाइड कीलर नावाचा तरुण उंदरांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. काही उंदरांच्या दृष्टिपटलात उजेड टिपणाऱ्या दंडपेशींचा थरच नव्हता. हा दोष पिढीजात असल्याचं त्याने १९२४मध्ये मांडलं. पण मला भुरळ पडते ती त्याच्या १९२७च्या लेखाची. या आंधळ्या उंदरांच्या डोळ्यांवर उजेड पडला की बाहुल्या आकसत! दिसत नाही, तरी डोळ्याला उजेड कळतो, तो कसा?

कित्येक दशकं या प्रश्नाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. उजेड टिपणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे शंकुपेशी, काही शिल्लक असतील, त्यांचंच हे काम, असं म्हणून मोकळं होता येत होतं. मग १९९९मध्ये रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दंड आणि शंकू दोन्ही नसलेले उंदीर वापरले. त्यांचंही शरीरातलं घड्याळ उजेडावर लागत होतं. २००२मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या चमूने दाखवलं की दृष्टिपटलातल्या काही गँग्लियन पेशी स्वतःच उजेड टिपतात. आता या पेशींवर लिहिणाऱ्यांना कीलरची आठवण होते.

आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९३मध्ये कीलरच्या सत्तर वर्षं जुन्या काचपट्ट्यांवरून डीएनए काढला गेला. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आंधळ्या उंदरांतला दोष तोच निघाला. त्या लेखाच्या सहलेखकांत खुद्द कीलर होते, वयाची नव्वदी ओलांडलेले! हे वाचलं त्या रात्री मी घरात एकटाच हसत होतो.

कीलरच्या १९२७च्या लेखासारख्या, दीर्घकाळ दुर्लक्षित राहून मग आठवल्या जाणाऱ्या लेखांना नेदरलँड्सच्या व्हॅन रान यांनी २००४मध्ये झोपलेल्या राजकन्येचं नाव दिलं. माझ्या मते मोजपट्टीचा खोटेपणा इथेच उघडा पडतो. १९३५ साली बढतीच्या समितीने उल्लेख मोजले असते, तर या लेखाच्या पदरात काय पडलं असतं? उलट काही शोध इतके रुळतात की मूळ माणसाचं नाव घ्यायची कुणाला गरजच वाटत नाही. दृष्टिपटलाच्या पेशींची चित्रं काढणाऱ्या काहालचा उल्लेख आज प्रत्येक लेखात थोडाच असतो? उल्लेखांवरून वर्दळ कळते, वकूब नाही.

निवड समित्यांवर बसणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. आकडा जरूर पाहा, पण उमेदवाराचा एक तरी लेख वाचा. कीलरचा तो लेख फक्त सहा पानांचा आहे.