उजेड रस्त्यावर पाडा, डोळ्यांत नको!

शनिवारी लेक्चर नाही. पेट्रोलची कॉन्ट्री जमलीय. ग्रुपमधल्या एकाच्या मोठ्या भावानं नुकतीच सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतलीय आणि त्यानं चक्क चावी द्यायचं कबूल केलंय. रात्री निघायचं, नेरळमार्गे घाट चढायचा आणि माथेरान गाठायचं, असा फुलटू प्लॅन! आता अडलंय फक्त हेडलाइटपाशी. कंपनीचा उजेड पिवळट, जुनाट वाटतो. मग ग्रुपवर कुणीतरी सल्ला टाकतोच, ‘झेनॉन टाक भाई, रात्रीचा दिवस होईल!’

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्यात नाना पेठ, गाडीचं सामान मिळण्याची ठिकाणं तुम्हाला ठाऊक आहेतच. बल्ब बदलायला फार वेळही लागत नाही. पण किट घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. बल्ब बदलला म्हणजे हेडलाइट बदलला, असं होत नाही. आणि हा फरक सगळ्यात जास्त कुठे कळत असेल, तर तो माथेरानच्या घाटात.

झेनॉन म्हणजे नक्की काय?

साध्या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. ती तापते आणि उजेड देते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत असणारा एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५. लो बीमला त्याचा उजेड साधारण १००० ल्युमेन पडतो.

झेनॉनमध्ये तार नसतेच. काचेच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि काही क्षार असतात आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत जळत राहते. ती पेटवायला वीस हजार व्होल्टच्या आसपास झटका लागतो. तो द्यायला ‘बॅलास्ट’ नावाचा डबा जोडावा लागतो. एकदा पेटली की ती ३५ वॉटमध्ये सुमारे ३२०० ल्युमेन देते. वीज कमी, उजेड तिप्पट! १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूनं ७ सिरीजमध्ये पहिल्यांदा असे दिवे दिले आणि मग बरीच वर्षं ‘भारी गाडी म्हणजे झेनॉन’ असं समीकरण होतं.

गोची कुठे होते?

हेडलाइटमध्ये बल्ब हा अर्धाच भाग. उरलेलं काम मागचा रिफ्लेक्टर किंवा पुढची प्रोजेक्टर लेन्स करते. एच-४ बल्ब हातात घेऊन बघा. लो बीमच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी दिसेल. वर जाऊ पाहणारा उजेड ती अडवते. म्हणूनच भिंतीवर लो बीम पाडला की वर अंधार, खाली उजेड अशी स्पष्ट रेघ दिसते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही रेघ उजवीकडे खाली राहते आणि डावीकडे जरा वर चढते. समोरच्याच्या डोळ्यांना त्रास नको आणि आपल्याला रस्त्याची कड दिसावी, यासाठी हा सगळा हिशेब.

रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोन त्या तारेची जागा धरून काढलेला असतो. तिथे झेनॉनची ठिणगी बसवली की जागा, लांबी, आकार सगळंच बदलतं. एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी रेघ फिसकटते आणि तिप्पट उजेड वाट्टेल तिकडे उडतो. कंपन्यांनाही हे माहीत होतं. म्हणून प्रोजेक्टरसाठी डी-२-एस आणि रिफ्लेक्टरसाठी काळा पट्टा मारलेला डी-२-आर, असे दोन वेगळे बल्ब त्यांनी बनवले. युरोपातल्या नियमांत तर २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्याला आपोआप खाली-वर होणारं लेव्हलिंग आणि काच धुणारा वॉशर सक्तीचा आहे. तुमच्या किटमध्ये काय मिळतं? बल्ब आणि बॅलास्ट. बस्स! हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बसणाऱ्या एलईडी बल्बचीही बहुतेक वेळा हीच कथा.

आता हे घाटात न्या

नेरळपासून दस्तुरी नाक्यापर्यंत साधारण सात-आठ किलोमीटर रस्ता आणि तेवढ्यात सातशे मीटरच्या आसपास चढ. म्हणजे सरासरी शंभर मीटरला नऊ मीटर, वळणावर त्याहून उभा. आणि हेडलाइट किती खाली वाकलेला असतो? शंभर मीटरला जेमतेम एक मीटर. सपाट हायवेवर एवढं पुरतं. घाटात तुम्ही चढताय, वरून टॅक्सी उतरतेय, मध्ये हेअरपिन वळण. तुमच्या बोनेटचं नाक वर होतं आणि लो बीमसुद्धा थेट वरच्याच्या काचेत घुसतो. कंपनीचा व्यवस्थित लावलेला दिवाही इथे थोडा त्रास देतोच. मग विस्कटलेला तिप्पट उजेड काय करेल?

हिशेब करून बघा. टॅक्सी तीसच्या स्पीडनं उतरत असेल, तर ती सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर जाते. ड्रायव्हरला तीन सेकंद नीट दिसलं नाही, तर गाडी पंचवीस मीटर अंदाजानं येते. तीही तुमच्याच दिशेनं! शिवाय अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा नियम आहे. म्हणजे गाडी कडेला घ्यायची ती त्यानं आणि कड दिसेनाशी केली तुम्ही. या रस्त्यानं रात्री माणसं पायीही येत-जात असतात. झगमगाटाच्या पलीकडे चालणारा माणूस त्या ड्रायव्हरला दिसतच नाही.

बरं, तुमचा तरी फायदा होतो का? हेडलाइट नाकासमोर बघतो आणि घाट वळत असतो. हेअरपिनवर तुमचे ३२०० ल्युमेन दरीतल्या झाडांवर पडतात आणि जिथे वळायचंय तिथे काळोखच राहतो. सिट्रोएननं १९६७ मध्येच डीएस गाडीला स्टीअरिंगबरोबर वळणारे दिवे दिले होते ते याचसाठी. नुसता बल्ब टाकून ते होत नाही.

पावसात आणखी वेगळी गंमत. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो. तुमचा उजेड तुमच्याकडे परतायच्या ऐवजी पुढे घसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्हाला वाटतं दिवे कमी पडतायत, त्याला वाटतं तुम्ही हाय बीम मारताय. धुक्यात तर जितका जास्त उजेड वर जाईल, तितकी पांढरी भिंत जाड. आणि ८००० केल्विनचा निळा बल्ब दिसायला कूल असला, तरी तो साध्या ४२०० केल्विनच्या झेनॉनपेक्षा सहसा कमी उजेड देतो आणि डोळ्यांना जास्त खुपतो.

शिवाय तुमची स्पोर्ट्स कार बुटकी. एसयूव्हीचे दिवे जवळजवळ तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. सगळ्यांनी हाच जुगाड केला, तर सगळ्यात आधी आंधळे होणार तुम्ही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी गाडीच्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे इथे मित्राचा तो बिचारा मोठा भाऊ. चावी देऊन फसला!

मग करायचं काय?

अंधारात नीट दिसावं ही मागणी अजिबात चुकीची नाही. फक्त क्रम बदला.

● आधी काच बघा. उन्हानं प्लॅस्टिकची काच पिवळी पडते आणि बराच उजेड आतच अडकतो. पॉलिश करून घ्या.

● मग व्होल्टेज तपासा. जुन्या वायरिंगमुळे बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर हॅलोजनचा उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग, अर्थिंग आणि रिले बघून घ्या.

● बल्ब बदलायचाच तर त्याच वॉटचा, चांगल्या कंपनीचा घ्या. १००/९० वॉटचा बल्ब होल्डर वितळवू शकतो.

● सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावा. लो बीमची रेघ तिच्याखाली साधारण दहा सेंटिमीटरवर यायला हवी. नसेल तर मेकॅनिककडून स्क्रू फिरवून घ्या.

● स्टीअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं बटण असेल, तर ते रेडिओचं नाही! मागे तिघं बसले, डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं. तेव्हा आकडा वाढवायचा, म्हणजे उजेड खाली येतो.

● झेनॉनच हवा असेल, तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीनं दिलेलं प्रोजेक्टर आणि लेव्हलिंगसकट अख्खं युनिट बघा. तेही आरटीओत विचारून मगच.

आणि घाटात वळणाआधी हाय-लो करून इशारा द्या. समोरून उजेड दिसला की लगेच लो बीमवर या.

दस्तुरी नाक्यावर तर सगळेच दिवे बंद होतात. पुढे माथेरानमध्ये खासगी गाड्यांना बंदी आहे. २००३ पासून हा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा सुरू झाल्या, त्याही आधी चाचणी म्हणूनच. तुमची कार पार्किंगमध्ये आणि तुम्ही लाल मातीच्या वाटेवर. सुरुवातीला काहीच दिसणार नाही. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. ती झाली की झाडांमधून वाट आपोआप दिसायला लागते. समोरून एखादा घोडेवाला आला आणि तुमच्या मोबाइलचा टॉर्च त्याच्या तोंडावर पडला, तर तो सरळ सांगेल, ‘खाली धरा जरा.’ घाटात वरून उतरणाऱ्या टॅक्सीवाल्याला तुम्हाला एवढं सांगायचीही सोय नसते.