हिरवा दिवा लागला म्हणजे फायर अलार्म चालू, असं नाही! सोसायटीचं पॅनल असं तपासून घ्या

नावडे (ता. पनवेल) : गावठाणाच्या पलीकडे सिडकोची वसाहत झाली आणि नावड्यात उंच इमारती आल्या. अशा बऱ्याच इमारतींत वॉचमनच्या टेबलाजवळ भिंतीवर एक लोखंडी पेटी असते. हे फायर अलार्मचं कंट्रोल पॅनल. त्यावर हिरवा दिवा दिसला की सगळं ठीक आहे, असं आपण धरून चालतो. पण तो दिवा एवढंच सांगतो की पेटीला लाईट येते आहे. आग लागल्यावर भोंगा वाजेल का, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, ‘नमुना ब’ प्रमाणपत्र अग्निशमन विभागाकडे द्यावं लागतं. मात्र दोन प्रमाणपत्रांच्या मध्ये सहा महिने जातात. तेवढ्यात बॅटरी बसू शकते, उंदीर वायर कुरतडू शकतो.

भोंगा बंद का केला जातो?

धुराच्या डिटेक्टरमध्ये एक छोटी अंधारी डबी असते. तिच्यात धूर शिरला की आतला प्रकाश विखुरतो आणि पॅनलला इशारा जातो. पण धूळ, किडा किंवा पावसाळ्यातली वाफ शिरली तरी तेच होतं. शेजारी तळोजा एमआयडीसी, अवजड गाड्यांची ये-जा, त्यामुळे इथे धुळीला तोटा नाही. रात्री दोनदा भोंगा उगाच वाजला की लोक वैतागतात आणि वॉचमन तो झोनच बंद करून टाकतो. तो परत चालू करायचं राहून जातं. खरा धोका इथेच आहे. उपाय म्हणजे तो डिटेक्टर साफ करून घेणं किंवा बदलणं.

महिन्यातून एकदा एवढं करा

१. आदल्या दिवशी नोटीस लावा, ग्रुपवर कळवा. पॅनलला लिफ्ट किंवा पंप जोडलेला असेल तर टेक्निशियन हजर हवा.

२. पॅनलचा मेन सप्लाय बंद करा. पॅनल बॅटरीवर चालू राहिलं पाहिजे आणि पिवळा ‘फॉल्ट’ दिवा लागला पाहिजे. बॅटरीवर असतानाच भोंगा वाजवून बघा. बॅटरी फुगली असेल तर लगेच बदला.

३. टेस्टिंगच्या स्प्रेने एका डिटेक्टरला धूर द्या. कागद किंवा चिंधी जाळू नका, काजळीने डिटेक्टर खराब होतो. दर महिन्याला वेगळा मजला घ्या.

४. जिन्याजवळची लाल डबी, म्हणजे ‘काच फोडा’ लिहिलेली, चावीने तपासा.

५. एक डिटेक्टर काढून बघा. पॅनलने ‘फॉल्ट’ दाखवायलाच हवा.

६. वरच्या मजल्यावर बेडरूमचं दार लावून उभे राहा. भोंगा झोपलेल्या माणसाला उठवेल एवढा ऐकू येतो का?

७. शेवटी सप्लाय चालू करा, पॅनल रिसेट करा. एकही झोन बंद राहिलेला नाही हे बघून रजिस्टरमध्ये तारीख आणि सही घ्या.

सेटिंग कोणाला कळतं?

पॅनलवर ‘झोन ४’ लागला, तर रात्रपाळीच्या वॉचमनने कुठे धावायचं? साध्या पॅनलमध्ये झोनवरून फक्त भाग कळतो. म्हणून ‘झोन ४ : बी विंग, मीटर रूम’ असा तक्ता मराठी-हिंदीत पॅनलशेजारी लावा. ॲड्रेसेबल पॅनलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो. तिथे स्क्रीनवर नेमकी जागा लिहून घ्या आणि प्रत्यक्ष धूर देऊन नाव जुळतं का ते बघा. काही पॅनलमध्ये भोंगा थोडा उशिरा वाजेल असं सेटिंग असतं. ते किती ठेवलंय हे एजन्सीला विचारा. पासवर्ड फक्त एजन्सीकडे नको, कमिटीकडेही हवा.

भोंगा वाजला तर आधी तो बंद करू नका. जागा बघा, लोकांना जिन्याने खाली आणा, लिफ्ट वापरू नका आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं दगावली. धूर आधी ड्युटीवरच्या परिचारिकेच्या लक्षात आला होता. माणसाला धूर दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, आणि तोच वेळ वाचवायला ही पेटी लावलेली असते. त्यामुळे सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारा : आपलं पॅनल शेवटचं कधी वाजवून बघितलं? रजिस्टरमध्ये उत्तर नसेल, तर येत्या रविवारीच तपासणी ठेवा.