काचेच्या कापडाचे रफूकाम

विमान म्हटले की डोळ्यांपुढे धातूचा पत्रा येतो. कापडाचे ठाण, कात्री आणि चिकट रसायन यांतूनही विमान उभे राहते, आणि त्याला भोक पडले तर ते कापडानेच बुजवावे लागते, हे आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळले. निमित्त झाले आमच्या भाच्याचे. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी त्याने 'लाँग-ईझी' जातीचे जुने दोन आसनी विमान विकत घेतले आणि एका रात्री फोन केला, "मामू, पंखाला भोक निघालंय. काम कापडाचं आहे, म्हणून तुम्हाला विचारतो."

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधण्याचा शौक जुना आहे. अशा शौकिनांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉश गावी भरतो. निम्म्याहून अधिक काम शौकिनाने केले असेल तर विमान 'एक्सपेरिमेंटल' म्हणून नोंदले जाते. मग त्याची दुरुस्ती कोणीही करावी. फक्त वार्षिक तपासणीला परवानाधारक मेकॅनिक किंवा दाखला मिळवलेला मूळ बांधणारा लागतो. सवलत मोठी, पण मेखही तिच्यातच आहे.

लाँग-ईझीची रचना बर्ट रुटान यांची. हे विमान १९७९ साली प्रथम उडाले आणि १९८० ते १९८५ या काळात त्याचे नकाशे विकले गेले. (आपल्याकडे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, पण ते धातूचे. त्यात आमच्या धंद्याचा धागा नव्हता.)

लाँग-ईझीच्या पंखात निळा फोम असतो, आपल्या थर्माकोलच्याच जातीचा. त्यावर काचतंतूचे कापड इपॉक्सी रसायनात भिजवून चढवतात. हे कापड दोन तऱ्हेचे. एकात ताणा-बाणा सारखा. वजन चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे हलक्या जीन्सइतके. दुसऱ्यात जवळजवळ सगळी ताकद ताण्यात, बाणा नावापुरता. आम्हाला सर्वांत नवल वाटले ते खळीचे. मालेगाव-भिवंडीत सायझिंगला ताण्यावर खळ चढवतात, तशी काचेच्या धाग्यालाही चढवावी लागते, नाहीतर तो मागावर तुटतो. विणून झाल्यावर ती खळ भट्टीत जाळून काढतात आणि सिलेनचे फिनिश देतात; त्याशिवाय इपॉक्सी धाग्याला नीट धरत नाही. आपल्याकडच्या फायबर कारखान्यांत टाक्या-बंपरसाठी तुकडे तंतूंची चटई वापरतात. ती त्या कामाला ठीक, विमानाच्या पंखाला नाही.

आता भोकाची हकीकत. पंखाखाली रंगाला रुपयाएवढा फुगवटा होता. भाच्याने नाण्याने ठोकून पाहिले. सगळीकडे खणखणीत आवाज, तेथे मात्र बद्द. खरवडले तर रंगाखाली मोटारीच्या डेंटिंगवाल्यांची पुट्टी! ही पुट्टी पॉलिस्टरची, तिच्यात स्टायरीन असते आणि स्टायरीन हा फोम विरघळवते. बाहेर नाण्याएवढे भोक, आत बशीएवढी पोकळी. विकणाऱ्याने तोंडातून शब्द काढला नव्हता, लॉगबुकातही नोंद नव्हती. तागा उलगडून डाग दाखवल्याशिवाय माल देऊ नये, हे आम्ही वडिलांकडून शिकलो. ऐब लपवून विकणे दीनातही मना आहे. तागा फार तर परत येतो. येथे गिऱ्हाईक आकाशात बसणार होते.

दुरुस्तीला भाच्याचे आठ दिवस गेले. आधी सगळी पुट्टी आणि खराब फोम काढला. भोकाचे कोपरे ठेवले नाहीत, तोंड गोलसर केले, कारण कोपऱ्यातून चीर पुढे सरकते. मग कडेचे थर घासून उतरते केले, दर थराला इंचभर पकड मिळेल असे. रफूगर फाटक्या तोंडावर थांबत नाही, शाबूत पोतात दूरवर शिरतो. तीच ही गोष्ट. सफाईला ॲसिटोन चालते, पण उघड्या फोमला लागले तर तोही विरघळतो, म्हणून ते फक्त कापडाच्या कडेवर, फडक्याने.

पोकळीत इपॉक्सीत कालवलेले काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे भरले. हा लगदा हलका असतो, पण त्यात ताकद नाही. जेथे स्क्रूचे भोक सैल झालेले असते तेथे इपॉक्सीत चक्क कापसाचे बारीक तंतू घालतात आणि सुकल्यावर पुन्हा ड्रिल मारतात. कापूस आम्हाला तेथेही भेटला!

ठिगळे मूळ थरांइतकीच, धाग्याची दिशाही तीच. पंखावर बरेचसे कापड तिरपे, आपल्या शिंप्यांच्या भाषेत उरेब लागते. पंखाला पडणारा पीळ तो धागा पेलतो. दिशा चुकली तर ठिगळ नुसते दिसायला. इपॉक्सी आणि हार्डनर काट्यावर तोलून घेतले. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर आणि घट्ट होते, हा गैरसमज आपल्या कारागिरांतही आहे. उलट ते कच्चे राहते. कापड पांढरे दिसले तर कोरडे, पारदर्शक झाले की भिजले. त्यावरचे इपॉक्सी प्लास्टिकच्या पट्टीने निपटून काढायचे. ते उरले तर फक्त वजन. वर फिनिश नसलेले पॉलिस्टर कापड दाबले आणि सुकल्यावर ओढून काढले, म्हणजे पृष्ठभाग आपोआप खरखरीत. हातमोजे आणि मास्क पहिल्यापासून होते. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही.

आठवड्याने पुन्हा नाणे वाजवले. आवाज सारखा आला. लॉगबुकात जागा, थर आणि तारीख लिहिली, आतल्या पुट्टीसकट. मेकॅनिकने तपासून सही केली. भाच्याला पंख लाल हवा होता. पण उन्हात गडद रंग तापतो आणि इपॉक्सी मऊ पडते, म्हणून पांढराच मारला.