चित्रपुस्तकातील आपली माणसे

चित्रपुस्तकात चित्र हे मजकुराची शोभा वाढवण्यासाठी नसते. गोष्टीचा निम्मा भार तेच उचलते. ही पुस्तके साधारण दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी असतात. पाने मोजकी आणि एका पानावर फार तर दोन-चार वाक्ये. अक्षरओळख नसलेले मूल अशा पुस्तकात आधी माणसे शोधते. ही कोण, हिची आजी कुठे गेली, यांच्या दारात म्हैस आहे का, हा मुलगा काठी घेऊन का चालतो, असे प्रश्न ते मोठ्यांना विचारत राहते. त्यामुळे चित्रात कोणाची घरे, कोणत्या रंगाचे चेहरे आणि कशी शरीरे येतात, याला या पुस्तकांत मजकुराइतकेच महत्त्व असते.

अमेरिकेत हा विषय अल्पसंख्याकांच्या बाजूने पुढे आला. जपानहून तिथे गेलेले चित्रकार तारो याशिमा यांनी १९५५ मध्ये ‘क्रो बॉय’ हे पुस्तक केले. जपानी खेड्यातल्या शाळेत एकटा पडलेला, लांबून चालत येणारा एक मुलगा त्याचा नायक आहे. पुढे २०२१ मध्ये जोआना हो यांचे ‘आइज दॅट किस इन द कॉर्नर्स’ आले. त्यातली पूर्व आशियाई वंशाची मुलगी आई, आजी आणि धाकट्या बहिणीच्या डोळ्यांशी आपले डोळे जुळतात म्हणून खूश आहे. गोऱ्या मुलांच्या वर्गात वेगळ्या दिसणाऱ्या मुलासाठी अशी पुस्तके लागतात, हे सहज समजण्यासारखे आहे.

सातारा-सांगलीतले मूल मात्र आपल्या गावात अल्पसंख्य नाही. तरीही रंगीत, देखण्या पुस्तकांत त्याला बराच काळ दुसऱ्यांचेच देश दिसत होते. १९७० आणि ८०च्या दशकांत मराठी घरांतली सर्वांत सुंदर छपाईची बालपुस्तके बहुधा मॉस्कोहून येत. अनिल हवालदार यांच्यासारख्यांनी त्यांचे मराठी अनुवाद केले होते आणि ती परवडणाऱ्या किमतीत मिळत. पुस्तके फार चांगली होती, यात वाद नाही. पण त्यांत बर्फ होता, बर्चची झाडे होती, लोकरी टोप्या होत्या. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला आणि तो ओघ आटला. त्याच काळातल्या देशी गोष्टींच्या पुस्तकांत राजकन्या हमखास गोरीपान असे आणि राक्षस काळा. सावळ्या विठोबाच्या पायी वाऱ्या करणाऱ्या प्रदेशात ही रंगांची वाटणी कोणाला खटकली नाही, हे नवलच.

खरे तर चित्रांतून गोष्ट सांगण्याची रीत आशियात जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सांगत आले आहेत. सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांचा संच म्हणजे ‘पोथी’. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातले प्रसंग गातो. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जपानमधली कामिशिबाई याच जातीची. १९३०च्या दशकात तिथले खाऊविक्रेते सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली चित्रे सरकवत गोष्टी सांगत. दोन्हींमध्ये पान उलटण्याचा क्षण सांगणाऱ्याच्या हातात असतो. आजच्या चित्रपुस्तकाची सारी गंमतही त्याच क्षणात असते.

सातारा जिल्ह्याला छापील चित्रांचा स्वतंत्र वारसाही आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणातले प्रसंग रंगवले आणि ते ‘चित्ररामायण’ म्हणून १९१६ मध्ये मुंबईत छापून घेतले. मुलांसाठी म्हणून ते काढले नव्हते, पण रामकथा चित्रांनी सांगणारा हा ग्रंथ एका लहानशा संस्थानातून निघाला, ही गोष्ट लहान नाही. त्यांनी औंधला उभारलेले चित्रसंग्रहालय आजही पाहता येते.

वारशाचे गोडवे गाताना एक अडचणीची गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. परंपरेतल्या कथांत वेगळ्या शरीराची माणसे खूप आहेत, पण त्यांना मिळालेला न्याय सारखा नाही. मंथरेचे कुबड तिच्या कपटाची खूण ठरते. कृष्णाच्या स्पर्शाने कुब्जा सरळ होते, तेव्हाच ती सुंदर म्हटली जाते. अष्टावक्राची कथा यांहून निराळी आहे. आठ ठिकाणी वाकडे शरीर असलेला हा मुलगा जनकाच्या सभेत येतो, पंडित हसतात, आणि तो वादात त्यांना हरवतो. वाद जिंकतो तेव्हाही त्याचे शरीर तसेच असते, पाहणाऱ्यांची नजर बदलते. मुलांसाठी नव्याने सांगण्याजोगी कथा यांपैकी कोणती, हे सांगायला नको.

आपल्या माणसांचे जग आणि वेगळे शरीर, या विषयाचे हे दोन्ही धागे जिथे एकत्र येतात असे ठिकाण सातारा जिल्ह्यात आहे: फलटण. मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन १९६०च्या दशकात इथे आल्या, इथल्याच झाल्या आणि त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. त्यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा १९८६ पासून चालते. मुलाच्या घरच्या बोलीला आणि अनुभवाला वर्गात जागा द्यायची आणि तिथून वाचन-लेखनाकडे जायचे, ही तिथल्या कामाची दिशा. शाळेला ज्यांचे नाव आहे त्या कमला निंबकर म्हणजे पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी शाळा सुरू केली. भारतातली ती अशी पहिलीच शाळा. अपघाताने किंवा आजाराने अधू झालेल्या माणसाला जेवणे, कपडे घालणे, काम करणे पुन्हा जमावे, यासाठीचे हे शास्त्र आहे. अपंग माणसाची कीव करण्यापेक्षा त्याचा दिवस कसा सुकर होईल हे पाहायचे, हा त्यामागचा विचार. चित्रपुस्तक करणाऱ्यांनीही तो उचलावा असा आहे.

मराठी घराचे आजचे रूप चित्रपुस्तकात आणण्याचे श्रेय सर्वांत आधी माधुरी पुरंदरे यांना द्यावे लागते. ‘राधाचं घर’, ‘यशच्या गोष्टी’ यांतली माणसे मराठी शहर-गावांत खरोखर भेटतात. आजीचा पदर, दारातल्या चपला, स्वयंपाकघरातला पसारा यांत कुठे उसनेपणा नाही. त्यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये चित्रांवरून मुलांनी स्वतः बोलायचे असते. २०१६ मध्ये ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’ हा पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी लेखनासाठी तो त्यांना मिळाला. तरीही हे जग बरेचसे मध्यमवर्गीय आहे. हरिपूरची हळदीची पेवे, बेंदराला शिंगे रंगवलेले बैल, गुऱ्हाळातली काहील, दर हंगामात मराठवाड्यातून येऊन कारखान्याजवळच्या खोपीत राहणारी ऊसतोड कामगारांची मुले, हे सातारा-सांगलीचे विषय चित्रकारांची वाट पाहत आहेत.

साताऱ्याचा एक प्रसंग मात्र चित्रांत उत्तम उतरला, तोही गोंड कलावंतांच्या हातून. दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी चितारलेले ‘भीमायन’ २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब साताऱ्यात राहत असताना, १९०१ मध्ये भावंडांसह वडिलांना भेटायला निघालेला लहान भीम मसूर स्टेशनवर उतरतो आणि जातीमुळे वाटेत त्याला पाणी मिळत नाही, हा त्यातला प्रसंग. व्याम दांपत्याने नेहमीच्या चौकटी वापरल्या नाहीत. माणसे, प्राणी, पाणी एकमेकांत वळत जातात. पुस्तक थोड्या मोठ्या मुलांचे आहे. पण वारसा म्हणजे फक्त सण आणि पोशाख नव्हे, त्यात अपमानाचा इतिहासही येतो, हे ते संकोच न करता दाखवते.

शरीराच्या वेगळेपणाविषयी मराठी वाचकांना सर्वांत ओळखीचे पुस्तक जपानी आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ चे. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते मराठीत आणले. काटेकोरपणे पाहता ते चित्रपुस्तक नव्हे, पण चिहिरो इवासाकी यांच्या चित्रांशिवाय त्याची कल्पना करवत नाही. त्यात पोलिओ झालेला यासुआकी आहे. तोत्तोचान शिडी ओढत आणून त्याला झाडावर चढवते. हात-पाय आखूड असलेला ताकाहाशी आहे. मुख्याध्यापक कोबायाशी क्रीडादिनाच्या शर्यती अशा आखतात की बुटक्या मुलाला अडथळा कमी आणि उंच मुलांना जास्त. कापडी माशाच्या पोटातून सरपटत जायचे, जिने चढायचे. ताकाहाशी शर्यतींमागून शर्यती जिंकतो. बक्षीस म्हणून भाज्या मिळतात. शर्यत बदलली की कमतरता कुठे जाते, हे इतक्या हसतखेळत सांगणारे प्रकरण दुसरे सापडणे अवघड.

चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने १९९६ पासून मराठीसह नऊ भाषांत चित्रपुस्तके काढली आहेत आणि या विषयावर त्यांचे काम सर्वांत पक्के आहे. शीला धीर यांचे ‘व्हाय आर यू अफ्रेड टू होल्ड माय हँड?’ थेट प्रश्न विचारते: अपंग मुलाशी खेळायला इतरांना भीती का वाटते? नंतरच्या पुस्तकांनी आडवळण घेतले. थारिणी विश्वनाथ यांच्या ‘कॅच दॅट कॅट!’ मधली डिप डिप व्हीलचेअरवर आहे, पण गोष्ट मैत्रिणीच्या हरवलेल्या मांजराची आहे आणि डिप डिप त्यासाठी झाडावर चढते. झाई व्हिटेकर यांचा ‘कन्ना पन्ना’ लाजराबुजरा. घरच्यांबरोबर लेणी पाहायला गेल्यावर आतले दिवे जातात. सगळे गांगरतात आणि डोळ्यांनी न दिसणारा कन्ना त्यांना बाहेर काढतो. लावण्या कार्तिक यांच्या ‘अ वॉक विथ थंबी’मध्ये एक मुलगा आणि त्याचा कुत्रा फिरायला निघतात. मुलाला दिसत नाही, हे शब्दांपेक्षा चित्रे सांगतात. त्याच्या हातात काठी आहे.

हे आडवळण महत्त्वाचे आहे. अपंग मूल गोष्टीत आले की मराठी लेखकाचा हात दोन जुन्या वाटांनी जातो. एक वाट डोळ्यांत पाणी आणणारी, दुसरी चमत्काराची: मूल बिचारे तरी असते, नाहीतर सगळ्या जगाला धडा देणारे. मध्ये खोड्या, हट्ट, भांडण, कंटाळा यांना जागा उरत नाही. सांगली जिल्ह्यात याची कसोटी पाहणारे चरित्रविषय तयार आहेत. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटर अंतरासह रौप्यपदक मिळवले. अशा माणसावरचे चित्रपुस्तक शेवटच्या पानावरच्या पदकाने झाकोळून जाते. बेंगळुरूच्या पॅरा-खेळाडू मालती होळ्ळा यांच्यावरचे सौम्या राजेंद्रन यांचे ‘विंग्ज टू फ्लाय’ त्यातून बऱ्यापैकी सुटले, कारण त्यात आधी एक खट्याळ मुलगी भेटते, खेळाडू नंतर.

वेगळ्या शरीराच्या मुलांविषयीची पुस्तके त्या मुलांना स्वतः वाचता येतात का, हा प्रश्न अजून मागेच आहे. उठावाच्या रेषांची आणि ब्रेल मजकुराची स्पर्शपुस्तके भारतात तयार होऊ लागली आहेत, पण ती महाग पडतात. चित्रातले सगळेच उठावात आणता येत नाही. बोटांना तपशील जितका कमी तितका लवकर कळतो, त्यामुळे चित्रकाराला चित्र मुळापासून नव्याने आखावे लागते.

पुस्तक निवडण्याची एक सोपी रीत आहे. मजकूर हाताने झाकावा आणि नुसती चित्रे पाहावीत. कुबडी किंवा श्रवणयंत्र असलेले मूल फक्त मदत घेताना दिसते की तेही कोणाची फजिती करते? काळ्यासावळ्या चेहऱ्यांना हसू आहे का? घरे आपल्या पाहण्यातली आहेत का? अशी पुस्तके पाहायची तर महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ सातारकरांना जवळ आहे. ४ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या या उपक्रमात गावकऱ्यांच्या घरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तके मांडली आहेत आणि ती तिथे बसून फुकट वाचता येतात. इतक्या लांब जाणे जमत नसेल, तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य आहेत. ती उतरवून घेऊन छापता येतात, आणि एखादी गोष्ट आपल्या बोलीत, अगदी माणदेशी बोलीतही, आणायची असेल तर तिचा परवाना तेवढी मोकळीक देतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आणि पालकांनी तिचा फायदा घ्यावा.