गाडी फटके मारते, पण पेट्रोल जास्त म्हणून नव्हे

सोयाबीनची मळणी चालू असताना औंढा किंवा कळमनुरीकडच्या एखाद्या गॅरेजसमोर तासभर थांबलं, की एक तक्रार हमखास कानावर येते. पांदणीतून आलेली शंभर सीसीची जुनी गाडी, टाकीवर बोटभर धूळ, आणि मालक सांगत असतो, "रेस दिली की आचके खाते, मधेच फट् करून फटका मारते." पाठोपाठ निदानही तोच करतो: पेट्रोल जास्त येतंय, जरा कमी करून द्या.

बहुतेक वेळा दुखणं नेमकं उलट असतं. गाडीला पेट्रोल कमी पडत असतं.

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण 14.7 किलो हवा लागते. हवा याहून बरीच जास्त झाली की मिश्रण सावकाश जळतं. इतकं सावकाश, की पुढच्या फेरीला आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही सिलिंडरमध्ये आग धुमसत असते. ती आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाला लागते आणि झळ उलटी कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर पडते. कार्बोरेटरमधून येणारा फटका तो हाच. सायलेन्सरमधला फटका वेगळा. तिथं न जळलेलं पेट्रोल नळीत जाऊन पेटतं. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी आवाज कुठून येतो ते कान देऊन ऐकावं. मालकानं "बॅक मारते" एवढंच सांगितलं, तर मिस्त्रीला अर्धीच गोष्ट कळते.

खात्री करायला चोक पुरेसा आहे. इंजिन गरम असताना गाडी आचके द्यायला लागली की चोक अर्धा ओढून बघा. गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडत होतं. आणखी बिघडली, तर जास्त होत होतं. पैसे न लागता होणारी ही परीक्षा फार कमी लोक करतात, याचं मला वाईट वाटतं.

मग पेट्रोल कमी पडतं कशानं? पहिलं कारण आपलं आपणच ओढवून घेतलेलं असतं, ते म्हणजे मायलेजची सेटिंग. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून "स्क्रू आवळून ॲव्हरेज वाढवून द्या" ही मागणी वाढली आहे. तो स्क्रू फक्त स्लो रेसपुरता असतो. सुई आणि मेन जेटचा कारभार त्याच्या हातात नाही, त्यामुळे रस्त्यावरचं मायलेज त्यानं फारसं बदलत नाही. आचके मात्र पदरात पडतात, कारण मूठ पिळण्याच्या पहिल्या क्षणी गाडी स्लो जेटवरच चालत असते. शिवाय सगळे स्क्रू सारखे नसतात. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल कमीजास्त करतो आणि आवळला की पेट्रोल घटतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, म्हणजे आवळला की हवा घटून मिश्रण दाट होतं. हा भेद न पाहता फिरवलेला स्क्रू दुखणं वाढवतो.

दुसरं कारण जेटमध्ये असतं. कार्बोरेटरच्या खालची वाटी उघडून स्लो जेट काढा आणि आभाळाकडे धरून पाहा. पितळेच्या त्या इवल्या तुकड्यात उजेडाचा ठिपका गोल दिसायला हवा. पस्तीस नंबरच्या जेटचं भोक 0.35 मिलिमीटरच्या आसपास असतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून गाडी निघत नाही, म्हणून ती दोन-दोन महिने गोठ्यात उभी राहते. वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागं चिकट थर उरतो आणि एवढंसं भोक बुजायला तो पुरेसा असतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. त्याला जळायला हवाही कमी लागते, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण आणखी थोडं पातळ पडतं. पण जेट साफ करायला ब्रेकच्या केबलची तार कधीच घालू नये. पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की जेट बदलल्याशिवाय इलाज नसतो. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब एवढ्यानं काम होतं.

एअर फिल्टर काढला की गाडी मोकळी पळते, हाही समज शिवारात पक्का आहे. फिल्टर काढल्यानं आधीच पातळ असलेलं मिश्रण आणखी पातळ होतं, आणि मळणीची धूळ सरळ रिंगांवर जाते. फिल्टर चोंदला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मिश्रण दाट होतं आणि प्लगवर काळी काजळी धरते. प्लगची टोकं पांढुरकी दिसली तर पेट्रोल कमी, तांबूस-करडी दिसली तर सगळं ठीक.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबर तडकला, तर तिथूनही फुकटची हवा शिरते. स्लो रेसवर त्या सांध्यावर पाण्याचे चार थेंब टाका. आवाज बदलला तर चोर सापडला. काही जण त्यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर ते करू नये.

फवारणी पंपासाठी ऑइल मिसळलेलं पेट्रोल उरलं म्हणून गाडीत ओतणारेही आहेत, आणि वर "इंजिन थंड राहतं" असं सांगतात. फोर-स्ट्रोक इंजिनाला त्याचा काही उपयोग नाही. प्लग तेवढा खराब होतो.

हे सगळं तपासूनही कार्बोरेटरमधून फटका येतच राहिला, तर टॅपेट पाहावेत. गॅप उरला नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळणारा वायू मागं फिरतो. गाडी चार-पाच किलोमीटर चालून दम तोडत असेल, तर टाकीचं झाकण उघडून बघा. उघडताच आत हवा ओढल्याचा सूं असा आवाज येऊन गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असतं.

एप्रिल 2020 पासून बीएस-सहा आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं. जुन्या गाड्या मात्र शिवारात अजून हजारोंनी आहेत. मृग लागायच्या आधी अशी गाडी गोठ्यात लावताना पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि वाटीखालचा छोटा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल बाटलीत काढून घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे. दसऱ्याला पहिल्या दोन-चार किकमध्येच गाडी सुरू होईल.